निबंध तोच, आकडा वेगळा

लंडनहून निघणाऱ्या ‘नेचर’ साप्ताहिकाच्या ३० मे १९५९ च्या अंकात कलकत्त्याच्या एका विकृतिशास्त्रज्ञाचा छोटासा निबंध छापून आला. लेखक एकटाच, शंभुनाथ डे. मजकूर दोन पानांत मावणारा. पटकीचे जंतू ज्या द्रवात वाढवले, त्या द्रवातून जंतू पूर्णपणे गाळून काढले, तरी उरलेला द्रव सशाच्या आतड्यात पटकीसारखाच पाण्याचा लोंढा उत्पन्न करतो, एवढेच त्यात दाखवले होते. पटकीचा जंतू एखादे विष तयार करत असावा, हे रॉबर्ट कॉखने १८८४ मध्ये बोलून दाखवले होते. त्याला प्रयोगाचा आधार मिळायला पाऊण शतक जावे लागले, आणि तो या दोन पानांनी दिला. पुढची काही वर्षे मात्र त्यांची कुणी फारशी दखल घेतली नाही. आज पटकीच्या संशोधनाचा इतिहास सांगताना हा निबंध वगळून पुढे जाता येत नाही. मधल्या काळात त्या दोन पानांतले एक अक्षरही बदललेले नाही. बदलले ते वाचणारे, त्यांची निकड आणि त्यांच्या हातातली साधने. वैद्यकीय संशोधकाचे काम किती, त्याचे निबंध किती, त्यांना सायटेशन किती, हा या पुस्तकाचा विषय आहे, आणि त्यात शिरताना वाचकाने हे एक उदाहरण सतत डोळ्यांसमोर ठेवावे असे मला वाटते. कारण मला जे म्हणायचे आहे ते सगळे त्यात आहे. सायटेशनचा आकडा संशोधकाच्या नावापुढे लिहिला जात असला, तरी तो घडवतात ते त्याचे वाचक. वाचकवर्गाचा इतिहास म्हणून तो वाचला तर फार शिकवतो. माणसाच्या लायकीचा पुरावा म्हणून तो पुढे केला, की दिशाभूल करू लागतो.

हा आकडा जन्माला आला तो वेगळ्याच कामासाठी. युजीन गारफिल्ड या अमेरिकन माहितीतज्ज्ञाने १९५५ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात एक कल्पना मांडली. अमेरिकेतल्या वकिलांकडे एकोणिसाव्या शतकापासून एक सूची होती. एखाद्या जुन्या निकालाचा आधार पुढे कोणकोणत्या निकालांत घेतला गेला, तो मान्य झाला की फिरवला गेला, हे तिच्यात पाहता येई. विज्ञानासाठीही अशी सूची का नसावी, असा गारफिल्डचा प्रश्न होता. हातात एक जुना निबंध आहे, त्याचा धागा पुढे कुणी कुणी उचलला, हे अभ्यासकाला कळावे, हा हेतू. १९६४ पासून फिलाडेल्फियातल्या त्याच्या संस्थेने ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ नियमित काढायला सुरुवात केली. शोधण्यासाठी केलेल्या या सूचीत मोजणे आपोआपच सोपे झाले, आणि जे सहज मोजता येते त्याला लवकरच मोल चिकटते. १९७५ पासून जर्नलांचा इम्पॅक्ट फॅक्टर दरवर्षी प्रसिद्ध होऊ लागला. आधीच्या दोन वर्षांत जर्नलने छापलेल्या निबंधांना यंदा सरासरी किती संदर्भ मिळाले, एवढाच त्याचा अर्थ. कोणती जर्नले विकत घ्यावीत हे ठरवायला ग्रंथपालांना तो उपयोगी होता. २००५ मध्ये हॉर्हे हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने एच-इंडेक्स सुचवला. ज्याच्या वीस निबंधांना प्रत्येकी निदान वीस सायटेशन आहेत, त्याचा एच-इंडेक्स वीस. त्याच सुमारास गूगल स्कॉलर आणि स्कोपस आले आणि कुणाचाही आकडा कुणालाही घरबसल्या दिसू लागला. ग्रंथालयातले साधन अशा रीतीने मुलाखतीच्या टेबलावर येऊन बसले. नेमणूक, बढती, अनुदान, पुरस्कार, संस्थांची क्रमवारी, सगळीकडे त्याची वर्णी लागली. हा प्रवास कुणी कट करून घडवला नाही. वेळ कमी, अर्जदार पुष्कळ आणि निर्णयाचे समर्थन करण्याची गरज मोठी, एवढ्याने तो घडला.

एकच सायटेशन जवळून पाहिले, तर ही गल्लत कुठे होते ते लक्षात येते. निबंधाच्या सुरुवातीच्या परिच्छेदात आठ-दहा आकडे एकाच कंसात कोंबलेले असतात. हा आजार सर्वत्र आढळतो, हे सांगायला घेतलेले ते संदर्भ. त्यांतले किती निबंध लेखकाने पुरते वाचले, हे त्याचे त्यालाच ठाऊक. ‘पद्धती’ या भागात एखादा संदर्भ येतो तो त्या पद्धतीने काम केले म्हणून. ‘चर्चा’ या भागात एखादा येतो तो त्याचा निष्कर्ष पटला नाही म्हणून. मोजताना या तिघांचे वजन सारखेच, प्रत्येकी एक. त्यामुळे विज्ञानाच्या इतिहासात सर्वाधिक सायटेशन मिळवणारा निबंध कोणता, याचे उत्तर बहुतेकांना अनपेक्षित वाटते. ऑलिव्हर लाउरी आणि सहकाऱ्यांनी १९५१ मध्ये द्रावणातले प्रथिन मोजण्याची एक पद्धत दिली. २०१४ मध्ये ‘नेचर’ने घेतलेल्या आढाव्यात त्या निबंधाची सायटेशन तीन लाखांच्या वर भरली. डीएनएची रचना सांगणारा वॉटसन आणि क्रिक यांचा १९५३ चा निबंध त्याच आढाव्यात पहिल्या शंभरातही नव्हता. याउलट, लसीकरणाचा संबंध स्वमग्नतेशी जोडणारा अँड्र्यू वेकफील्ड यांचा १९९८ चा ‘लॅन्सेट’मधला निबंध २०१० मध्ये मागे घेतला गेला, तरी त्याची सायटेशन भरघोस आहेत. त्यांतली बहुतेक त्याचे खंडन करणारी. आणखी एक गोष्ट समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी दाखवून दिली. एखादा शोध सर्वांच्या नित्याच्या ज्ञानात इतका मुरतो, की त्याचा संदर्भ देण्याची गरजच कुणाला वाटेनाशी होते. म्हणजे यशाची परिसीमा गाठली, की आकडा वाढायचा थांबतो. अशा मोजणीतून माणसाची योग्यता काढायची, तर मोजणाऱ्याला प्रत्येक वेळी विचारावे लागेल: हे एक कशाचे एक आहे?

आता पुन्हा कलकत्त्याकडे वळू. १९५० च्या सुमारास पटकीबद्दल माहिती बरीच होती आणि समज फार थोडी. जॉन स्नोने १८५४ मध्ये लंडनमध्ये दूषित पाण्याकडे बोट दाखवले होते. कॉखने १८८३-८४ च्या हिवाळ्यात कलकत्त्यातच रुग्णांच्या आतड्यांतून आणि तलावाच्या पाण्यातून स्वल्पविरामाच्या आकाराचा जंतू ओळखला होता. पण हा जंतू काही तासांत धट्ट्याकट्ट्या माणसाला शुष्क करून मारतो तो नेमका कसा, हे सांगता येत नव्हते. जंतू मेल्यावर त्याच्या शरीरातून सुटणारे विष रक्तात भिनते आणि माणूस मरतो, असे अनेकांचे मत होते. आतड्याचे अस्तरच सोलून निघते, असेही मानले जाई. मोठी अडचण होती ती प्रयोगाची. प्रौढ प्राण्याला तोंडावाटे जंतू दिले, तरी त्याला माणसासारखी पटकी होत नसे. लंडनमध्ये रॉय कॅमेरॉन यांच्या हाताखाली १९४९ मध्ये डॉक्टरेट मिळवून परतलेल्या डे यांनी प्रश्नच बदलला. रोग जर आतड्यात घडत असेल, तर संपूर्ण प्राण्याला आजारी पाडण्याचा खटाटोप कशाला? सशाला भूल देऊन पोट उघडायचे, लहान आतड्याचा काही इंचांचा तुकडा रक्तपुरवठा न तोडता दोन्ही टोकांना रेशमी दोऱ्याने बांधून घ्यायचा, त्या बंदिस्त वळ्यात जंतूंचा द्रव सुईने सोडायचा आणि पोट शिवून टाकायचे. दुसऱ्या दिवशी उघडून पाहिले, तर जंतू सोडलेला वळा तांदळाच्या धुवणासारख्या द्रवाने टम्म फुगलेला, आणि शेजारी तुलनेसाठी बांधलेला, जंतू न सोडलेला वळा रिकामा, चपटा. डी. एन. चटर्जी यांच्यासह १९५३ मध्ये हा प्रयोग एका ब्रिटिश विकृतिशास्त्रीय नियतकालिकात आला. रोगाचे सगळे रहस्य आतड्याच्या आत आहे, हे त्याने डोळ्यांना दाखवले. अशाच धर्तीचा एक प्रयोग १९१५ मध्ये फ्रेंचमध्ये नोंदला गेला होता आणि विसरलाही गेला होता. म्हणजे या कथेत वाचकांनी पाठ फिरवलेला पहिला निबंध डे यांचा नव्हेच.

त्या वळ्यातून पुढे काय निघाले ते पाहण्याजोगे आहे. १९५६ मध्ये डे आणि सहकाऱ्यांनी अतिसाराच्या रुग्णांकडून मिळालेल्या ई. कोलाय या जंतूच्या काही जाती त्याच वळ्यात सोडल्या आणि त्याही आतड्यात पाणी खेचून आणतात असे नोंदवले. प्रवाशांना आणि लहान मुलांना होणाऱ्या जुलाबांचे एक मोठे कारण पुढे याच वाटेने स्पष्ट झाले. मग १९५९ मध्ये त्यांनी जंतू गाळून उरलेला द्रव वापरला. वळा तरीही फुगला. विष रक्तात भिनणारे नाही, जिवंत जंतू ते बाहेर टाकतो आणि ते आतड्याच्या अस्तरावर काम करते, हे ठरले. एकेका पायरीचा निबंध एकेक, पण विचार सलग. ज्याला कामाची प्रत पारखायची आहे त्याने हे तीन निबंध एका बैठकीत वाचावेत. तीन निबंध ही संख्या कोणत्याही अर्जात क्षुल्लक दिसेल. पण १९५३ चे साधन, १९५६ चा विस्तार आणि १९५९ चे उत्तर अशा क्रमाने ते वाचले, तर एक माणूस एका प्रश्नाच्या मागे किती चिकाटीने लागला होता, आणि महागडी उपकरणे हाताशी नसताना योग्य प्रयोग योजण्याची त्याची दृष्टी किती स्वच्छ होती, हे उमगते. ही माहिती सायटेशनच्या कोणत्याही तक्त्यात मिळत नाही. ती निबंधातच आहे आणि वाचणाऱ्यालाच मिळते.

हे काम तेव्हा कानावर का पडले नाही? एक उत्तर मुंबईत सापडते. परळच्या हाफकिन संस्थेत एन. के. दत्ता आणि त्यांचे सहकारी याच प्रश्नाला दुसऱ्या बाजूने भिडले होते. दत्ता आणि हब्बू यांनी १९५५ मध्ये सशाच्या अगदी लहान पिल्लांत पटकी घडवून आणण्याची रीत दिली. १९५९ मध्येच दत्ता, पानसे आणि कुलकर्णी यांनी जंतूंपासून काढलेल्या विषारी घटकाने त्या पिल्लांत पटकीसारखे जुलाब होतात असे प्रसिद्ध केले. कलकत्ता आणि मुंबई या दोन शहरांत, एकाच वर्षी, एकाच निष्कर्षाच्या दिशेने दोन स्वतंत्र वाटांनी माणसे पोचत होती. एवढे सबळ काम असूनही गाजावाजा झाला नाही, कारण तेव्हा पटकी हा श्रीमंत देशांचा प्रश्न राहिला नव्हता. तिथल्या शहरांत नळाचे पाणी शुद्ध झाले होते, मैला वाहून नेणारी व्यवस्था उभी होती, आणि पटकी तिथे इतिहासाच्या पुस्तकात जाऊन बसली होती. ज्या प्रयोगशाळांत माणसे, पैसा आणि लिहिण्याची सवय होती, तिथे या विषयाला वाचक नव्हता. जिथे रुग्ण होते, तिथे निबंध लिहिणारे थोडे होते. सायटेशन देणारा हा रुग्ण नसतो, दुसरा निबंध लिहिणारा असतो. ही साधी गोष्ट आकडे पाहताना आपण हटकून विसरतो.

वाचक आले ते घटनांमागून. १९६० मध्ये ढाक्यात पटकी संशोधनाची प्रयोगशाळा आंतरराष्ट्रीय मदतीने सुरू झाली. १९६१ मध्ये इंडोनेशियाच्या सुलावेसी बेटावरून पटकीची सातवी जागतिक साथ निघाली आणि आशियाभर पसरत गेली. अमेरिकेच्या लष्करी आणि नागरी संशोधकांचा ओढा या विषयाकडे वाढला. याच सुमारास युजीन गँगारोसा आणि सहकाऱ्यांनी बँकॉकमधल्या रुग्णांच्या आतड्यांचे सूक्ष्म तुकडे तपासून अस्तर शाबूत असते हे दाखवले. विष बाहेरून काम करते आणि अस्तर जागेवर असते, या दोन गोष्टी एकत्र आल्या की डे यांचा प्रयोग नव्या प्रकाशात दिसतो. आता ज्याला ते विष शुद्ध करायचे, त्याला ते नमुन्यात आहे की नाही हे तपासायला बांधलेला वळा हवाच होता. १९६९ मध्ये फिंकेलस्टाइन आणि लोस्पाल्युटो यांनी विष शुद्ध स्वरूपात वेगळे केले. अस्तर शाबूत असते, म्हणून साखर आणि मीठ एकत्र दिले तर ते पाणी शोषून घेऊ शकते, हा विचारही याच काळात पक्का झाला. १९७१ मध्ये बांगलादेशाच्या युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत दिलीप महालनबीस यांनी जलसंजीवनी पिंपांत कालवून नातेवाइकांच्या हाती दिली आणि मृत्यूचे प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपासून ४ टक्क्यांच्या खाली आणले. ‘लॅन्सेट’ने १९७८ च्या संपादकीयात या उपायाची गणना शतकातल्या सर्वांत महत्त्वाच्या वैद्यकीय प्रगतीत केली. डे यांच्या निबंधांना संदर्भ मिळत गेले ते या सगळ्या हालचालींच्या ओघात. १९५९ मध्ये जी गुणवत्ता होती तीच १९६९ मध्ये होती. वाढली ती गरज.

याच कथेत आकड्याचा सदुपयोगही आहे, आणि तो न सांगता पुढे जाणे अन्यायाचे होईल. डे १९८५ मध्ये वारले. पुढच्याच वर्षी खुद्द गारफिल्डने पटकी संशोधनाचा सायटेशनच्या आधारे नकाशा काढला आणि त्या नकाशात शंभुनाथ डे यांचे स्थान किती मध्यवर्ती आहे हे जगापुढे ठेवले. कोणता निबंध कोणत्या निबंधातून उगवला, कोणती पद्धत किती प्रयोगशाळांत गेली, पसरायला किती वर्षे लागली, हे एकट्या वाचकाला डोळ्यांनी दिसणे कठीण. ते मोजणीने दिसले. पण हा लेखाजोखा माणूस गेल्यानंतरचा. हयातीत त्यांना ओळखले ते मोजणाऱ्यांनी नव्हे, वाचणाऱ्यांनी. नोबेल विजेते जोशुआ लेडरबर्ग यांनी त्यांचे नाव नोबेलसाठी एकाहून अधिक वेळा सुचवले. १९७८ मध्ये स्टॉकहोमला पटकीवर नोबेल परिसंवाद झाला, त्याचे निमंत्रण त्यांना आले. भारतातल्या कोणत्याही राष्ट्रीय विज्ञान अकादमीने मात्र त्यांना सदस्यत्व दिले नाही. आपल्या देशातल्या एका मोठ्या शोधाची किंमत परदेशातून कळवली जावी लागते, याची खंत वाटायला हवी, आणि ती मला वाटते. १९९० मध्ये ‘करंट सायन्स’ने त्यांच्यावर खास अंक काढून या उपेक्षेची कबुली दिली, पण ती घ्यायला ते नव्हते.

डे यांचे उदाहरण जुने आहे आणि बंगालमधले आहे, म्हणून महाराष्ट्रातली दोन उदाहरणे जोडतो. रायगड जिल्ह्यातल्या महाडला हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशाने हृदयावर काय परिणाम होतो याचा अभ्यास रुग्णांच्या उशाशी बसून केला आणि रक्तदाबासाठी वापरले जाणारे प्रॅझोसिन हे औषध त्यावर लागू पडते हे दाखवून दिले. त्यांचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये १९८० च्या दशकात आले, प्रमोदिनी बावस्कर यांच्यासह केलेली, नुसते प्रॅझोसिन आणि प्रॅझोसिनसह प्रतिविष यांची तुलनात्मक चाचणी २०११ मध्ये ‘बीएमजे’ने छापली. या विषयाला जगात वाचक किती? जिथे असा विंचू आहे, तिथला डॉक्टर. तोही बहुधा ग्रामीण दवाखान्यातला, ज्याला निबंध वाचून औषध द्यायचे असते, निबंध लिहायचा नसतो. त्याने रुग्ण वाचवला की बावस्करांच्या सायटेशनमध्ये काहीच भर पडत नाही. दुसरे उदाहरण गडचिरोलीचे. अभय बंग, राणी बंग आणि सहकाऱ्यांनी गावातल्याच प्रशिक्षित स्त्रियांकडून नवजात बाळांची घरोघरी देखभाल करवली. ३९ गावांतल्या या प्रयोगात तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी घटला. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने तो निबंध छापला. या निबंधाला संदर्भ पुष्कळ मिळाले आणि ते योग्यच झाले. पण त्याचा खरा विस्तार २०११ पासून देशभर आशा कार्यकर्त्यांना दिलेल्या नवजात बालसेवेच्या कामात आहे. बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळाचे वजन करणारी आशा कोणत्याही संदर्भसूचीत येत नाही. बावस्करांचा आकडा वाचकवर्ग लहान म्हणून आखडतो, बंगांचा आकडा मोठा असूनही परिणामाच्या मानाने तोकडा पडतो. एकच माप दोघांना दोन रीतींनी उणे ठरवते.

आपल्याकडे या मापाने धोरणाचे रूप घेतले तेव्हा काय झाले, तेही पाहायला हवे. समीरन नंदी आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत देशातल्या ५७९ वैद्यकीय संस्थांचे २००५ ते २०१४ या दहा वर्षांतले प्रकाशन तपासले. त्यांतल्या ३३२ संस्थांच्या, म्हणजे निम्म्याहून अधिकांच्या, नावावर एकही निबंध नव्हता. वर्षाला शंभराहून जास्त निबंध देणाऱ्या संस्था होत्या २५. हे चित्र लाजिरवाणे आहे, आणि अध्यापकांनी संशोधन करावे म्हणून नियम हवा, असे कुणालाही वाटेल. भारतीय वैद्यक परिषदेने बढतीसाठी निबंधांची संख्या ठरवून दिली. २०१५ मध्ये पहिल्या दोन लेखकांनाच श्रेय मिळेल असेही सांगितले. नियम पुढे बदलले, पण त्यांनी लावलेली सवय टिकली. संख्या मागितली की संख्या तयार होते. एका थीसिसचे तीन तुकडे करून तीन पेपर काढायचे, पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या जर्नलकडे जायचे, लेखकांच्या नावांच्या क्रमावरून विभागात धुसफूस करायची, एकमेकांचे संदर्भ एकमेकांनी द्यायचे. यात सगळेच लबाड असतात असे नाही. दिवसभर ओपीडी सांभाळून, रात्रपाळी करून, शिकवून उरलेल्या वेळात ज्याला बढतीची अट पुरी करायची आहे, तो जे मागितले तेच देतो. डे यांच्यासारखा माणूस आज अशा महाविद्यालयात असता, तर सहा वर्षे एका वळ्याच्या मागे लागण्याची मुभा त्याला कोणता नियम देईल, याचे उत्तर धोरण आखणाऱ्यांनी द्यावे.

यावर पहिला आक्षेप घेतला जाईल तो वजनदार आहे. आकडे नसतील, तर मग वशिला आहे. आपल्याकडे निवड समित्यांचा इतिहास असा नाही की केवळ त्यांच्या विवेकावर सगळे सोपवावे. आकडा निदान सगळ्यांना सारखा दिसतो. जात, प्रांत, गुरूचे नाव पाहत नाही. छोट्या गावातून आलेल्या, कुणाची ओळख नसलेल्या तरुण डॉक्टरला तोच एक आधार असतो. या म्हणण्यातले सत्य मी मान्य करतो. पण आकडा निःपक्ष असतो हे गृहीत बरोबर नाही. मर्टन यांनीच १९६८ मध्ये दाखवले, की ज्याचे नाव आधीच मोठे त्याच्या कामाची दखल अधिक घेतली जाते आणि तितकेच चांगले काम करणारा अनोळखी मागे राहतो. मोठ्या संस्थेत, मोठ्या गटात, परदेशी सहकाऱ्यांबरोबर काम करणाऱ्याचा आकडा झपाट्याने वाढतो. म्हणजे वशिला दारातून गेला तरी आकड्याच्या पोटात शिरून परत येतो, आणि आता तो वस्तुनिष्ठतेच्या वेषात असल्याने त्याला आव्हानही देता येत नाही. वशिल्यावरचा उपाय निर्णयाची कारणे लेखी मागणे हा आहे. अमुक उमेदवाराच्या अमुक निबंधात आम्हाला हे दिसले, म्हणून निवड केली, असे समितीला सहीनिशी लिहावे लागले, तर वशिल्याची अडचण होते. ‘एच-इंडेक्स जास्त’ एवढे लिहून सुटता आले, तर होत नाही.

दुसरा आक्षेप असा, की डे अपवाद आहेत. ज्याच्या कामाकडे कुणी पाहिले नाही असा प्रत्येक जण स्वतःला उपेक्षित प्रतिभावंत मानू लागला तर काय करायचे? ज्यांना कुणी संदर्भ दिला नाही असे बहुसंख्य निबंध खरोखरच सामान्य असतात. हेही खरे आहे. माझे म्हणणे उलटे करून कमी आकडा म्हणजे मोठे काम, असे कुणी समजू नये. कमी आकड्यातून काहीच सिद्ध होत नाही, गुणही नाही आणि दोषही नाही, म्हणूनच तो पाहून थांबता येत नाही. विषयाच्या आकारानुसार दुरुस्ती करून आकडे काढले तर चालेल, असे तज्ज्ञ सुचवतात. कर्करोगाची तुलना कर्करोगाशी, विंचूदंशाची विंचूदंशाशी, हे सध्याच्या सरधोपट मोजणीपेक्षा निश्चित चांगले. पण १९५९ मध्ये पटकीच्या विषयात केलेली तुलनाही डे यांना न्याय देऊ शकली नसती, कारण त्या विषयातच वाचक उरले नव्हते. तिसरे म्हणणे वेळेचे. शेकडो अर्ज येतात, इतके कोण वाचणार? यावर मार्ग आहे, आणि तो अव्यवहार्य नाही. सगळी यादी मागूच नये. उमेदवाराने आपले सर्वोत्तम तीन निबंध द्यावेत, प्रत्येकाने काय नवे कळले आणि त्याचा रुग्णांना काय उपयोग झाला हे एका पानात लिहावे, आणि समितीतल्या दोघांनी ते पूर्ण वाचावेत. डे यांचे तीनही निबंध एका सकाळी वाचून होण्यासारखे आहेत.

हा विचार एकट्याचा नाही. २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत जीवशास्त्रज्ञ आणि संपादकांनी एकत्र येऊन जाहीरनामा तयार केला: संशोधकाचे काम जर्नलच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून जोखू नका, कामावरून जोखा. २०१५ च्या लायडन जाहीरनाम्याने आकडे जाणकार मूल्यमापनाच्या मदतीला घ्यावेत, त्याच्या जागी नव्हे, असे सांगितले. यांतल्या पहिल्या जाहीरनाम्यावर सह्या करणाऱ्या संस्था वाढत आहेत. सही आणि आचरण यांतले अंतर मात्र अजून मोठे आहे. ते कमी करायचे असेल, तर वाचणाऱ्यांची संख्या वाढायला हवी, आणि या पुस्तकाचे प्रयोजन मी त्यात पाहतो. पुढच्या प्रकरणांत तक्ते आहेत, आलेख आहेत, निरनिराळे निर्देशांक कसे काढतात याचे गणित आहे. ते सगळे शिकून घ्यावे, कारण जे आपल्याला कळत नाही त्याच्यापुढे आपण दबतो. प्रत्येक आकड्यापाशी मात्र तीन प्रश्न विचारावेत. हे संदर्भ कुणी दिले? कशासाठी दिले? आणि या कामाचा ज्यांना उपयोग झाला, त्यांतले कोण या मोजणीत येऊच शकत नाहीत? तरुण डॉक्टरांना आणखी एक सांगावेसे वाटते. तुमच्या वॉर्डात एखादा प्रश्न रोज समोर येत असेल आणि जगातल्या मोठ्या जर्नलांना त्याचे काही वाटत नसेल, तर तो प्रश्न लहान ठरत नाही. तो काळजीपूर्वक तपासा, प्रामाणिकपणे लिहा. आणि ज्यांच्या हाती नेमणुका आणि अनुदाने आहेत, त्यांनी असे लिखाण समोर आले तर त्याची संख्या विचारण्याआधी ते वाचावे. डे यांच्याबाबतीत हे काम आपण वेळेवर केले नाही. पुढच्यांच्या बाबतीत ते करणे आपल्या हातात आहे, आणि त्यासाठी कोणत्याही नव्या निर्देशांकाची वाट पाहण्याची गरज नाही.